गाडी नको, नोटीस ठेवा

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' सांगून पाहा. तो क्षणभर विचारात पडेल आणि मग म्हणेल, "मायको सर्कल म्हणा ना साहेब." मायकोचं, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं, नाव २००८ साली बॉश झालं. गेटवरची पाटी बदलली, पगाराच्या स्लिपवरचं नाव बदललं, शेअर बाजारातलं बदललं. चौकाचं काही बदललं नाही. तसंच एबीबी सर्कल, अंबडकडे गेलात तर गरवारे पॉईंट आणि एक्स्लो पॉईंट, सातपूरला कार्बन नाका. पंचवटी सोडली तर या शहरात पत्ता सांगायला देवांपेक्षा कंपन्याच जास्त उपयोगी पडतात. मात्र यातल्या कुठल्या कंपनीत काय बनायचं, कोण माणसं तिथे कामाला जायची, हे त्याच चौकात चहा पिणाऱ्या विशीतल्या पोराला विचारा. त्याला सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

बंद पडलेल्या मोटार कारखान्याचं संग्रहालय करावं का, यावर आमच्या गप्पांत मध्यंतरी चांगलाच वाद झाला. विषय निघाला स्वीडनमधल्या ट्रॉलहेटान गावावरून. तिथे साब गाड्यांचा कारखाना होता. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कंपनीचं स्वतःचं गाड्यांचं संग्रहालय होतं, तेही कंपनीची देणी फेडण्यासाठी लिलावात काढायचं ठरलं. एकेक गाडी एकेका शौकिनाच्या गॅरेजात गेली असती. तेव्हा गावची नगरपालिका, विमानं बनवणारी मूळ साब कंपनी आणि एक श्रीमंत प्रतिष्ठान अशा तिघांनी मिळून तो सगळा संग्रह विकत घेतला आणि गावातच ठेवला. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्यातला एक जण तीस वर्षं युनियनचं काम केलेला. तो म्हणाला, "म्हणजे माणसं घरी बसली आणि गाड्यांना छप्पर मिळालं. छान."

त्याचं बोलणं झोंबलं, कारण अर्धं खरं होतं. त्या अर्ध्या खऱ्यावरच हा लेख आहे. संग्रहालय व्हावं, या मताचा मी आहे. पण गाड्यांचं होणार असेल तर नको. कारखाना कसा चालला याच्या गौरवगाथेपेक्षा तो बंद कसा झाला, हे जिथे दिसेल ते संग्रहालय मला हवं आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली आणि कुर्ल्यात गाड्या बनू लागल्या. वालचंद हे नाव नाशिक जिल्ह्याला परकं नाही. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव त्यांनीच वसवलं, तिथली साखर आणि नंतर तिथल्या गोळ्या त्यांच्याच. बंगळुरूला १९४० साली त्यांनी काढलेल्या विमान कारखान्याचंच पुढे एचएएल झालं आणि त्याची एक शाखा आपल्या ओझरला आली. तर कुर्ल्यात आधी डॉज, प्लायमाउथ, मग फियाट, मग प्रीमियर पद्मिनी. परवाना राज्यात पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. २००० च्या सुमारास पद्मिनी बंद झाली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

त्या आठवड्यात किती हळहळ झाली, आठवतं? काळी-पिवळीचे फोटो, तिच्या छतावरचं कॅरिअर, आतल्या सीटकव्हरवरची फुलं, निदान एक तरी टॅक्सी जपून ठेवा अशी मागणी. सगळं रास्त. मीही त्या टॅक्सीत बसून दादर स्टेशन गाठलेलं आहे. पण त्या हळहळीत कुर्ल्याच्या कारखान्यातला फिटर कुठे होता? पेंट शॉपमध्ये पंचवीस वर्षं थिनरचा वास घेतलेला माणूस कुठे होता? गाडी मेली तेव्हा शहर रडलं. कारखाना मेला तेव्हा शहराला फारसा पत्ता नव्हता, कारण टॅक्सी तेव्हा रस्त्यावर धावतच होती.

जगभर बंद पडणाऱ्या मोटार कारखान्यांतून एक ठरावीक फोटो निघतो: शेवटची गाडी. लाईनवरून ती येते, कामगार भोवती जमतात, कुणी बॉनेटवर सह्या करतं, कुणी डोळे पुसतं. ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ इथला होल्डनचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला, तेव्हाही एक शेवटची लाल गाडी होतीच. अशी गाडी पुढे संग्रहालयात जाते आणि लोकांना वाटतं, कारखाना त्या दिवशी बंद झाला.

कंपनी अशी एका दिवसात बंद पडत नसते. ज्याच्या घरात कुणी कंपनीत होतं त्याला विचारा. आधी ओव्हरटाईम जातो. घरात बोनसआधीच फ्रिज घ्यायचा विचार चाललेला असतो, तो पुढे ढकलला जातो. मग नाईट शिफ्ट बंद होते, आणि पहिल्या महिन्यात बायकामाणसांना ते बरंच वाटतं, रात्री घरात माणूस असतो म्हणून. मग कंपनीच्या दोन बसचे रूट एकत्र होतात, सिडकोतून निघणारी बस आता सातपूर कॉलनी फिरून जाते, वीस मिनिटं आधी स्टॉपवर उभं राहावं लागतं. कॅन्टीनमधला गुरुवारचा गोड पदार्थ जातो. टूलरूममधलं एक चांगलं मशीन 'रिपेअरला' म्हणून ट्रकवर चढतं आणि परत येत नाही. नवीन करार रखडतो. गेट मीटिंगला आधी दोनशे माणसं असतात, मग पन्नास. 'ब्लॉक क्लोजर', म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, हा शब्द पहिल्यांदा घरात येतो, चार दिवसांचा, मग दहा दिवसांचा. व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म येतो. शेजारचा घेतो, आपण घेत नाही. सहा महिन्यांनी कळतं शेजारी शहाणा होता. आणि या सगळ्यानंतर, कधीतरी, गेटला कागद चिकटतो.

माझ्या वडिलांच्या बाबतीत तो कागद जुलैत चिकटला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सातपूरला एका लहानशा कंपनीत ते प्रेसवर होते, मोठ्या गाडी कंपन्यांना पत्र्याचे भाग पुरवणारी कंपनी. नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचंच काही होणार नाही. फर्स्ट शिफ्टला साडेसहाला घरून निघालेले नाना नऊ वाजता परत आले, डबा तसाच भरलेला. आईने काही न विचारता डबा उघडून भाजी पातेल्यात ओतली आणि दुपारी आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली. संध्याकाळी मी सायकलवर ती नोटीस बघायला गेलो होतो. खळ लावून चिकटवलेली, पावसाने एक कोपरा सुटलेला. वर इंग्रजी, खाली मराठी, आणि त्या मराठीत 'आस्थापना', 'सेवा संपुष्टात' असे शब्द जे नानांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. त्यांच्या एका मित्राने तो मजकूर पॉकेट डायरीत उतरवून घेतला होता, जावक क्रमांकासकट. का उतरवून घेतला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, कुणीतरी नोंद ठेवायला हवी, एवढंच त्याला कळत होतं.

संग्रहालयात ती डायरी हवी. बॉनेटवर सह्या केलेली गाडी नसली तरी चालेल.

यावर कुणी म्हणेल, हे कागदपत्रांचं काम आहे, ते कामगार आयुक्तालयाच्या फायलींत असतंच. असायचं, असं म्हणा. औद्योगिक विवाद कायद्यानुसार १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागायची. मालकाने अर्ज करायचा, कारणं द्यायची, कामगारांनी हरकत घ्यायची, सुनावणी व्हायची. परवानगी मिळाली तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार अशी भरपाई. प्रत्यक्षात यातून किती पळवाटा निघाल्या, हे युनियनवाले रात्रभर सांगू शकतील. तरी कागद तयार व्हायचा. कारखाना का बंद होतोय, हे मालकाला कुठेतरी लिहून द्यावं लागायचं आणि कामगाराला ते खोडता यायचं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा १०० वरून ३०० वर नेली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. उद्योगासाठी ते चांगलं की वाईट, हा वेगळा वाद आहे. पण सातपूर-अंबडमधला दोनशे-अडीचशे कामगारांचा कारखाना आता त्या सुनावणीशिवाय बंद होऊ शकतो. म्हणजे यापुढे बंद पडणं अधिक गुपचूप होणार. जी नोंद सरकारी फाईल चुकतमाकत का होईना ठेवायची, ती दुसऱ्या कुणाला तरी ठेवावी लागेल.

आता दुसरी बाजू, जी मला खरोखर खुपते. संग्रहालय हा पुष्कळदा जमिनीच्या व्यवहारावर ठेवलेला हार असतो. मुंबईत काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्या एकामागून एक गेल्या. १९९१ च्या विकास नियमांत एक हिशेब होता: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हा वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. इमारती ज्यावर उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल ग्राह्य धरला. टॉवर आले, मॉल आले. आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं, त्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. घरांसाठी सोडत निघायची वाट बघणारे म्हातारे गिरणी कामगार आणि संग्रहालयातल्या कारंज्याच्या बातम्या एकाच वर्तमानपत्रात वाचताना माझा तो युनियनवाला मित्र आठवतो.

म्हणून माझी अट साधी आहे. ज्या कारखान्याच्या कामगारांची देणी थकलेली आहेत त्याच्या नावाने कुठलंही दालन उघडू नये. आधी ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, भरपाई, मग काचेची कपाटं. आणि ते दालन विकलेल्या जमिनीच्या कोपऱ्यात, बिल्डरच्या क्लबहाऊसशेजारी नको. तिथे मग जुन्या चिमणीला दिवे लावतात, खाली कॉफीचं दुकान निघतं, आणि लोक तिच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढतात. इटलीत ट्युरिनला फियाटचा लिंगोटो कारखाना आहे, छतावर गाड्यांची चाचणी घ्यायचा ट्रॅक असलेला. १९२३ ला सुरू झाला, १९८२ ला बंद झाला. आता तिथे मॉल, हॉटेल, कलादालन आणि छतावर बाग आहे. इमारत फार देखणी राखली आहे, कबूल. पण इमारत वाचली म्हणजे कारखान्याची आठवण वाचली, असं मानायला मी तयार नाही.

नाशिकमध्ये महिंद्रचा गाड्यांचा मोठा कारखाना सुदैवाने धडधडीत चालू आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ याच शहरातून देशभर गेल्या. मग इथे बंद कारखान्याची चर्चा कशाला, असं कुणी विचारेल. अपशकुन कशाला करता, असं तर एकाने मला तोंडावर विचारलंच. त्याला मी उलट विचारलं: लोगन आठवते का? फ्रेंच रेनॉ आणि महिंद्र यांनी मिळून २००७ मध्ये ती कार बाजारात आणली, नाशिकमध्ये ती बनायची. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी तिचं नाव व्हेरिटो झालं, काही वर्षं टॅक्सीवाल्यांनी ती चालवली आणि मग ती थांबली. कुणी निरोप दिला नाही. ज्या पोरांनी आयटीआय करून पहिली नोकरी त्या लाईनवर केली, ती आता चाळिशीला आली असतील. या शहरात मूळ परदेशी कार तयार होत होती, हे नाशिकच्या कुठल्या पर्यटन नकाशावर आहे? तिथे रामकुंड आहे, पांडवलेणी आहेत, आता द्राक्षमळे आणि वायनरीही आल्या. सातपूर नाही.

आणि वेळ हातात आहे तोवरच हे करायचं असतं. हे शहर डिझेलवर वाढलेलं आहे. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर, नोझल, त्यांना लागणारं बारीक मशीनिंग, त्यासाठी मशीनवर भाग पकडून ठेवणारी जिग-फिक्श्चर करणारे शेकडो छोटे गाळे. विजेवरच्या गाडीला इंजेक्टर लागत नाही. उद्या सकाळी सगळं बंद होईल असं मी म्हणत नाही, आणि नवे धंदे येतीलही. पण वर सांगितलेल्या त्या पायऱ्यांपैकी ओव्हरटाईमची पायरी कोणकोणत्या गाळ्यात येऊन गेली आहे, हे अंबडच्या टपरीवर अर्धा तास बसलात तरी कळेल. कारखाना बंद झाल्यावर वस्तू गोळा करायला गेलं की हाती काही लागत नाही. भंगारवाला आपल्या आधी पोचलेला असतो.

कशी असावी ही जागा? सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे, आपल्या काळ्या कातळातून निघालेल्या खनिजांचं. बघण्यासारखं आहे. औद्योगिक वसाहतीत संग्रहालय चालतं, लोक वाट वाकडी करून येतात, हे त्याने दाखवून दिलं. फक्त त्या वसाहतीत दगडांना काचेचं कपाट मिळालं, माणसांना अजून मिळायचं आहे. चालवायचं कुणी, हा मात्र अवघड प्रश्न. कंपनीने चालवलं तर ते जाहिरातीचं दालन होतं: संस्थापकांचा पुतळा, पहिली गाडी, पुरस्कार आणि बाहेर पडताना टोप्या आणि किचेन. संप नाही, अपघात नाही, बंद होणं तर नाहीच. महापालिकेकडे दिलं तर काय होतं, ते फाळके स्मारकाच्या देखभालीवरून या शहरात इतकी वर्षं जी चर्चा चालली आहे त्यावरून ज्याने त्याने ठरवावं.

माझ्या डोळ्यांसमोर सावाना आहे. सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासूनचं. सभासदांच्या वर्गणीवर उभं राहिलेलं, स्वतःचं वस्तुसंग्रहालयही असलेलं. तिथल्या निवडणुकांत काय धुरळा उडतो तो उडो. धुरळा उडतो म्हणजे लोकांना संस्था आपली वाटते. तसं सभासदांचं, निवृत्त कामगारांचं, युनियनांचं आणि निमा-आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांचंही असं एखादं मंडळ असावं. उद्योजक का, असं मित्र विचारेल. कारण लहान कारखाना बंद पडतो तेव्हा मालकही कर्जात बुडालेला असतो, त्याच्याही घरात डबा न खाता परत येतो, आणि मोठ्या कंपनीने रेट कमी केले त्या पत्राची प्रत त्याच्याच कपाटात असते. ते पत्र मला हवं आहे.

सगळ्यात अवघड दालन कंत्राटी कामगारांचं असेल. परमनंट माणसाकडे टोकन असतं, वीस वर्षांच्या सर्व्हिसबद्दल मिळालेलं घड्याळ असतं, युनिफॉर्म असतो, कराराच्या वेळी वाटलेल्या पेढ्यांचा फोटो असतो. त्याच लाईनवर त्याच्या शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोराकडे काय असतं? त्याचं कार्ड ठेकेदाराचं, तेही ठेकेदार बदलला की बदलणारं. सात महिने इथे, ब्रेक, मग सात महिने तिथे. कंपनी बंद झाली तेव्हा तो 'कंपनीचा' नव्हताच, म्हणून बंदच्या हिशेबातही त्याचं नाव नाही. कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं तेच. त्यांची वस्तू कुठली मांडणार? मला याचं नीट उत्तर सापडलेलं नाही. कदाचित फक्त त्यांचे आवाज नोंदवून ठेवावे लागतील. श्रमिकनगरच्या खोलीत चौघं मिळून राहणाऱ्या पोरांना बसवून विचारावं लागेल, कुठून आलात, कोणत्या लाईनवर होता, शेवटच्या दिवशी तुम्हाला कुणी सांगितलं. बहुतेक उत्तर असेल, कुणी नाही, गेटवर सिक्युरिटीने सांगितलं. तसं उत्तर असेल तर तेच ऐकवावं.

शहराची बदनामी होईल, बाहेरून येणारा गुंतवणूकदार बिचकेल, असाही एक सूर असतो. नाशिकला मोठा प्रकल्प हवा म्हणून आपण किती वर्षं बैठका घेतोय, त्यामुळे या भीतीला मी हसत नाही. पण गुंतवणूकदार पाणी बघतो, वीज बघतो, जमिनीचा दर बघतो. तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये कारखाना थांबवला, कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले, आणि तरीही तोच कारखाना ह्युंदाईने विकत घेतला. त्यातला कुणीही आधीच्या कामगारांची आठवण कुठे जपली आहे का, हे विचारून थांबला नसता.

परवा नानांना हे सगळं सांगितलं. ते ऐंशीला आलेत, कानाने कमी ऐकतात. त्यांचं पितळी टोकन आमच्या देवघराच्या खणात आहे, २१७ नंबरचं, भोकापाशी झिजलेलं. हिशेबाच्या वेळी ते परत करायचं होतं. नानांनी हरवलं म्हणून सांगितलं आणि फुल अँड फायनलमधून त्याचे पंचवीस रुपये कापून घेतले गेले. मी विचारलं, असं काही संग्रहालय झालंच तर टोकन द्याल का? त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली की कंपनी ते परत मागणार नाही ना. कंपनीच राहिली नाही, म्हटलं, मागणार कोण. तरी त्यांचं समाधान झालं नाही. "पैसे भरलेत त्याचे," ते म्हणाले, "पावती आहे," आणि ती शोधायला उठले.